कार्यालयीन संगणकाचा खासगी वापर व शिस्तभंगाची कारवाई

मालकाने कामासाठी दिलेला संगणक, ईमेल किंवा इंटरनेट स्वतःच्या कामासाठी वापरल्याबद्दल कर्मचाऱ्यावर होणारी कारवाई. नाशिकच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत ती स्टोअर आणि क्वालिटी विभागांत संगणक आल्यावर, बहुधा 2000 च्या आगेमागे सुरू झाली असावी. कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, अंतर्गत चौकशी, शिक्षा हा क्रम परिचित आहे.

हे गैरवर्तन स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या लेखी नियमांच्या, कोणत्या कलमात बसते, हा मुख्य वाद. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम 1946 चा, त्याखालचे राज्याचे नियम 1959 चे. दोन्ही कारखान्यांत संगणक येण्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून आरोपपत्रात आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा, कामात वारंवार हयगय किंवा मालकाच्या मालमत्तेबाबत अप्रामाणिकपणा यांपैकी एखादे कलम लावतात. वेळ, वीज आणि जोडणी मालकाची, म्हणून हा अप्रामाणिकपणाच, असे एक मत आहे. दुसरे मत असे की, अवज्ञा ठरवायची तर आधी आदेश हवा, आणि संगणक वापराचे धोरण हाती मिळाल्याची कामगाराची सही हवी. नियमांत न सांगितलेले वर्तन गैरवर्तन ठरवून शिक्षा देता येत नाही, ही सर्वोच्च न्यायालयाची 1984 च्या कालरा खटल्यातील भूमिका पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 चे कलम 43सुद्धा कधी कधी जोडले जाते. ते विनापरवानगी प्रवेश, माहितीची नक्कल, नुकसान यांसाठी आहे. पेन ड्राइव्हवर ड्रॉइंग नेणाऱ्याला ते लागू शकेल. जेवणाच्या सुट्टीत लासलगावचा कांद्याचा भाव पाहणाऱ्याला किंवा सातबारा काढणाऱ्याला लावणे ओढूनताणून आहे.

पुराव्याचा भाग नाजूक आहे. तीन पाळ्यांना मिळून एक संगणक, एकच युजर आयडी, पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर. अशा ठिकाणी आयटी विभागाने काढलेला लॉग (संगणकाच्या वापराची नोंद) यंत्र दाखवतो, माणूस दाखवत नाही. यंत्राचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असले, तर पाळी सुटतानाची नोंद नुकत्याच आलेल्या माणसाच्या नावावर पडते. अंतर्गत चौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागू नसतात. म्हणूनच लॉग काढणाऱ्याची उलटतपासणी होऊ देणे आणि हजेरीशी नोंद ताडून पाहणे अगत्याचे.

शिक्षा ताकिदीपासून बडतर्फीपर्यंत असू शकते. चौकशीपर्यंतच्या निलंबनात पहिले 90 दिवस निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीनुसार, किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी पूर्वीची नोकरी न पाहता धक्कादायक प्रमाणाबाहेर शिक्षा देणे ही अनुचित प्रथा आहे. तक्रार 90 दिवसांत कामगार न्यायालयात करायची असते. पंधरा वर्षांच्या स्वच्छ नोकरीनंतर एका रेल्वे तिकिटापायी बडतर्फी झाली, तर दाद मागायची ती याच तरतुदीखाली.

व्यवस्थापकीय पदांवरील कर्मचाऱ्यांना स्थायी आदेश लागू नसतात. तेथे नियुक्तिपत्र आणि कंपनीचे सेवानियम प्रमाण. 1946 च्या अधिनियमाच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांसाठी कामगारसंख्येची किमान मर्यादा 300 आहे; महाराष्ट्रात ती पूर्वी 50 होती. त्यामुळे अंबडच्या लहान कारखान्यांतही यापुढे नियुक्तिपत्रातील एखाद्या ओळीवरच भिस्त राहील.