मेमरीतील जुनी माहिती बाहेर जाण्याचा दोष : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोलापुरातील चादर-टॉवेलचे कारखानदार आणि सुताचे व्यापारी यांना आम्ही दिलेली बिलिंगची प्रणाली नोड डॉट जेएस या रनटाइमवर, म्हणजे प्रोग्राम चालवून त्याला लागेल तशी मेमरी पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालते. या रनटाइममधील एक गंभीर दोष जानेवारी २०२६ मध्ये दुरुस्तीसह जाहीर झाला आहे.

मेमरीचा तुकडा प्रोग्रामच्या हाती देण्यापूर्वी त्यातील आधीचा मजकूर पुसून शून्ये भरणे ही रनटाइमची जबाबदारी असते. मात्र प्रोग्रामचा ठरावीक वेळेत न संपलेला भाग मध्येच थांबवण्याची सोय वापरली असेल आणि नेमके त्याच क्षणी मेमरीचे वाटप चालू असेल, तर हे पुसणे राहून जाऊ शकते. पाठकोऱ्या कागदावर पावती द्यावी आणि मागे दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा हिशेब निघावा, तसा हा प्रकार आहे. न पुसलेल्या तुकड्यात कोणाचा पासवर्ड, लॉगिनचे टोकन (पुन्हा पासवर्ड न मागता ओळख पटवणारी खूण) किंवा एखाद्या पार्टीला दिलेला दर असू शकतो. आपण स्वतः लिहिलेली सवलतीची सूत्रे चालवण्यासाठी आमच्या प्रणालीत हीच सोय वापरलेली असल्याने हा दोष आपल्याला थेट लागू होतो.

२०१४ मध्ये ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करून सुरक्षित ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेला हार्टब्लीड हा दोष याच जातीचा होता. त्यात एकेका विनंतीमागे ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी वाचता येत असे आणि सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदींत त्याचा मागमूस राहत नसे. आमच्या मते खरी काळजी याचीच आहे : फाइल बदलत नाही, काम अडत नाही, म्हणून सारे सुरळीत दिसते एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

आमच्याकडील सर्व्हरवर दुरुस्त आवृत्ती बसवली आहे. ज्यांचा सर्व्हर अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत किंवा अन्यत्र स्वतःच्या कारखान्यात आहे, त्यांनी आवृत्ती तपासून घ्यावी. ती आपल्या मालिकेनुसार, म्हणजे आवृत्तीच्या पहिल्या आकड्यानुसार, किमान २०.२०.०, २२.२२.० किंवा २४.१३.० असावी. १८ची मालिका वापरात असेल तर आम्हाला अवश्य कळवावे, कारण तिची अधिकृत देखभाल एप्रिल २०२५ मध्येच थांबली आहे.

आवृत्ती बदलल्याने पुढची गळती थांबते, बाहेर गेलेली माहिती परत येत नाही. म्हणून डेटाबेसचा व ई-इनव्हॉइसचा पासवर्ड बदलणे आवश्यक आहे, आणि तेही आवृत्ती बदलल्यानंतरच. आधी बदलल्यास नवा पासवर्डही त्याच सदोष मेमरीत जाऊन बसेल. या बदलानंतर सर्वांना पुन्हा लॉगिन करावे लागेल, त्यामुळे माल रवाना करण्याचा दिवस टाळून कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीची वेळ आम्हाला कळवावी.