पुण्याबद्दल लिहिणं आणि पुण्यासाठी लिहिणं

खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडलं की नदीवरच्या बुटक्या भिडे पुलाचे फोटो फिरायला लागतात. पूल पाण्याखाली, काठावर बघ्यांची गर्दी, खाली 'पावसाळ्यातलं आमचं पुणं' अशी ओळ. त्याच वेळी नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये लोक पार्किंगमधून गाड्या वर काढत असतात. त्यांनाही तो फोटो बघायचा असतो, पण त्यांना त्यातून एकच गोष्ट हवी असते: फोटो किती वाजताचा आहे? नेमकं तेच कुणी लिहिलेलं नसतं.

आपल्या शहरावर लिहायला बसलेल्या बहुतेकांचा घोळ इथे होतो. शहराबद्दल लिहिणं आणि शहरासाठी लिहिणं, या दोन्हींत रस्ते तेच, देवळं तीच, मिसळही तीच. म्हणून दोन्ही एकच काम वाटतात. वाचणारा मात्र वेगळा असतो. पहिल्यात पाहुणा वाचतो, दुसऱ्यात रहिवासी. 'इतके जण लिहितायत, त्यात आपलं कोण वाचणार?' असं विचारणारे मला नेहमी भेटतात. त्यांचं लिखाण पाहिलं तर ते बहुधा पाहुण्यांसाठीच असतं, आणि रहिवाशांनी आपल्याला ओळखावं अशी मात्र त्यांची इच्छा असते.

मीही तेच केलं होतं. पुण्यातल्या दहा मिसळींवर जीव तोडून लिहिलं. नागपूर, इंदूर, बंगळुरूहून लोकांनी वाचलं. शेजारच्या काकूंना कौतुकाने दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "छान आहे रे, पण गुरुवारी पाणी येणार का आपल्याकडे, ते कुठे लिहिलंयस?"

गणपती विसर्जनाचं उदाहरण घेऊ. पाहुण्यासाठी लिहायचं तर सामग्री तयारच आहे. मानाचे पाच गणपती, त्यांचा क्रम: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. मंडईपासून लक्ष्मी रस्त्याने अलका चौकापर्यंतची मिरवणूक, ढोलताशा पथकं, रांगोळ्या, बघायला उभं कुठे राहायचं. हे सगळं खरं आहे, सुंदर आहे आणि हजार वेळा लिहून झालेलं आहे. पुढच्या वर्षीही जवळपास तसंच्या तसं चालेल.

नारायण पेठेत राहणाऱ्याला मानाच्या गणपतींचा क्रम तोंडपाठ असतो. त्याचे प्रश्न निराळे असतात. आईचं डायलिसिस त्याच दिवशी आहे, रिक्षा कुठपर्यंत येईल? पहाटेची गाडी पकडायचीय, स्टेशन कोणत्या बाजूने गाठायचं? लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता आणि टिळक रस्ता एकदम बंद असताना, आणि मिरवणूक 24 तासांच्या वर लांबत असताना, पेठेतून बाहेर पडायची वाट कोणती? वाहतूक पोलिसांचं पत्रक निघतं, पण ते वाहनांच्या वळणांबद्दल असतं, तुमच्या बोळाबद्दल नसतं. ते पत्रक बोळापर्यंत आणून सोडणं हे शहरासाठी लिहिणं. यात स्पर्धा जवळजवळ नाही, कारण मुंबईत बसून हे कुणाला लिहिता येत नाही.

पाहुण्यांचं लिखाण हळू शिळं होतं. शनिवारवाडा 1732 साली बांधून झाला आणि 1828 च्या आगीत आतला वाडा गेला, हे आज लिहा नाहीतर दहा वर्षांनी, फरक पडत नाही. उलट शिळेपणा लक्षातही येत नाही. चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, हा विनोद पुण्यावरच्या लिखाणात अजून ताज्या पोळीसारखा वाढला जातो. दुकान दुपारी उघडं राहायला लागलं ते 2017 मध्ये. विनोद म्हणून ठीक आहे, आम्हालाही तो आवडतो, पण 'पुण्यात खरेदीला जाताना लक्षात ठेवा' म्हणून तो सांगणारा माणूस इतक्या वर्षांत बाजीराव रस्त्यावर दुपारी फिरकलेला नाही एवढं कळतं.

रहिवाशांसाठीचं लिखाण दुधासारखं नासतं. सकाळचं संध्याकाळी उपयोगाचं नसतं. म्हणून त्यावर तारीख आणि वेळ हवीच, आणि बदललं की दुरुस्तीही हवी. हे कष्टाचं काम आहे. बरेच जण इथेच सोडतात, आणि टिकणाऱ्याला जागा मिळते तीही इथेच.

काकूंच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण तो दिसतो तेवढा साधा नाही. महापालिका देखभालीची मोठी कामं बहुतेक वेळा गुरुवारी काढते. मग ती ठरलेली सूचना येते: अमुक भागाचा पाणीपुरवठा गुरुवारी बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने होईल. खाली भागांची यादी असते, जलकेंद्रानुसार, म्हणजे पाणी जिथून शुद्ध होऊन येतं त्या केंद्रानुसार. पर्वती, लष्कर, वारजे, एसएनडीटी. पंधरा-वीस ओळींचा सलग परिच्छेद, मध्ये स्वल्पविरामांखेरीज काही नाही. तुमचं घर कोणत्या जलकेंद्रावर आहे हे तुम्हाला माहीत असतं का? मला नव्हतं. आमच्या रस्त्याच्या एका बाजूला पाणी एका टाकीतून येतं आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या, हे मला त्या चौकशीत कळलं. ते एकदा कागदावर गल्लीवार मांडलं आणि त्यानंतर दर सूचनेला फक्त 'आपल्याकडे आहे / नाही' असं लिहायला लागलो. मिसळीवर जेवढे शब्द खर्च केले त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम झालं. वाचणारे थोडेच आहेत. पण ते दर आठवड्याला येतात, आणि चुकलो तर जिन्यात गाठून सांगतात.

पाण्याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. 25 जुलै 2024 ला पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. त्या वेळी खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेकचा विसर्ग सुरू होता. हा आकडा सगळ्यांनी छापला. पाहुण्याला तो आकडा म्हणजे 'बापरे' एवढंच. रहिवाशाला त्याचा अर्थ हवा असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. म्हणजे 35 हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास 10 लाख लिटर पाणी. आणि हे अचानक का होतं, तेही सांगायला हवं. टेमघर, पानशेत, वरसगाव आणि खडकवासला या चार धरणांची मिळून क्षमता सुमारे 29 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आहे. त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीसुद्धा नाही. वरचं पाणी शेवटी याच छोट्या भांड्यात येतं, म्हणून ते बघता बघता भरतं आणि सोडावंच लागतं. पावसाळ्यात 'पानशेत भरलं' ही बातमी पर्यटकाला फोटोची वाटते. एकतानगरीतल्या माणसाने ती ऐकली की पुढच्या मोठ्या पावसात वरचं पाणी अडायला जागा उरलेली नाही, असं समजायचं असतं. वेळेत सूचना मिळाली नाही, ही त्या वेळची रहिवाशांची तक्रार होती. तिथे राहणाऱ्या, किंवा तिथल्या लोकांना ओळखणाऱ्या कुणीतरी एखाद्या मे महिन्यात हे समजावून लिहिलेलं असतं तर रात्री गाडी कुठे लावायची हा निर्णय काही जणांनी वेगळा घेतला असता. कदाचित.

आता गर्दीबद्दल. पुण्यावर लिहिणाऱ्यांची गर्दी खरी आहे, पण ती सगळी एकाच चौकोनात आहे: पेठा, डेक्कन, एफसी रोड, कॅम्प, कोरेगाव पार्क. महापालिकेची हद्द मात्र केव्हाच या चौकोनाबाहेर गेलीय. 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी. 2017 च्या अकरांपैकी दोन गावं, उरुळी देवाची आणि फुरसुंगी, पुढे पुन्हा बाहेर काढली गेली. या पट्ट्यात राहणाऱ्यांना कर कुठे भरायचा, टँकर कोणाचा, दाखला कोणत्या क्षेत्रीय कार्यालयात मिळणार हे प्रश्न रोज पडतात. जानेवारी 2025 मध्ये गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सिंहगड रस्त्यालगतच्या याच भागात वाढले, नांदेड, किरकटवाडी, धायरी, आणि संशय पाण्यावर गेला. तेव्हा आजाराची माहिती देणारं लिखाण भरपूर आलं. 'माझ्या नळाला येणारं पाणी कुठल्या विहिरीतलं?' याचं उत्तर शोधायला लोक एकमेकांच्या व्हॉट्सॲपवर होते. एफसी रोडवरच्या कॉफीचं आणखी एक परीक्षण लिहिण्याआधी हा विचार व्हायला हरकत नाही.

मग पाहुण्यांसाठी लिहूच नये का? लिहावं की. त्याची कसोटी वेगळी आहे एवढंच. पाहुणा एकदाच येतो, वाचतो आणि जातो. तिथे आपली झुंज मोठ्या पर्यटन कंपन्यांशी असते, त्यांच्याकडे माणसं आणि पैसा दोन्ही जास्त. तिथे वेगळं दिसायचं तर 'टॉप टेन' मधून नाही दिसता येत. एकच वाडा, एकच रस्ता, एकच तालीम घेऊन खोलात जावं लागतं. लांबी चालते, इतिहास चालतो.

पैशाचं गणितही वेगळं असतं. पाहुण्यांच्या लिखाणाला हॉटेलांचं कमिशन, रेस्टॉरंटची आमंत्रणं. रहिवाशांच्या लिखाणाला गल्लीतला दंतवैद्य, पोळीभाजी केंद्र, क्लास. रक्कम लहान, पण जाहिरातदार टिकतो. फुकट जेवून केलेल्या कौतुकाचा त्रासही दोन्हीकडे सारखा नसतो. फसलेला पाहुणा परत भांडायला येत नाही. फसलेला शेजारी सोमवारी भाजी घेताना भेटतो. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन लिहिलं तर तसं स्पष्ट सांगा, अशी मार्गदर्शक तत्त्वं भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये काढली. शेजारी वाचणार असेल तर ती पाळायला कुणी आठवण करून द्यावी लागत नाही.

या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी मोकळी जागा त्याची आहे. नोकरीसाठी आलेला, खराडीत किंवा हिंजवडीत सहा महिने झालेला. शनिवारवाडा बघून झाला, पण तो अजून पुणेकर नाही. पाहुण्यांचं लिखाण त्याला बालिश वाटतं आणि रहिवाशांचं कळत नाही. 'मनपा' लिहिलेली बस नेमकी कुठे जाते, पेठांना वारांची नावं का, 'सम-विषम पार्किंग' म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

त्याचं एक उदाहरण पुरे आहे. अकरा महिन्यांच्या भाडेकराराची नोंदणी लागत नाही, असं समजून बरेच जण दुसऱ्या राज्यांतून येतात. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा (घर भाड्याने देण्याचा नेहमीचा) करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. हे दोन ओळींत सांगणारा माणूस त्या भाडेकरूच्या कायमचा लक्षात राहतो. पुढच्या वर्षी तोच पाणीबंदीची सूचना वाचायला येतो.

सगळं इतकं काटेकोर वेगळं राहतं असंही नाही. इंग्रजांनी 1885 मध्ये काढलेलं पुणे जिल्ह्याचं तीन भागांचं गॅझेटियर बाहेरून आलेल्या साहेबांना जिल्हा चालवता यावा म्हणून लिहिलं गेलं. अस्सल पाहुण्यांसाठीचं लिखाण. आज ते सगळ्यात जास्त चाळतात ते इथलेच लोक, आपल्या पेठेत तेव्हा काय होतं ते बघायला. उलटंही घडतं. माझ्या जलकेंद्रांच्या गल्लीवार यादीवर परवा एका घर शोधणाऱ्या मुलीचा निरोप आला. ती अजून नाशकातच आहे, पण फ्लॅट ठरवण्याआधी पाणी कुठलं ते तिला बघायचं होतं. लिहिताना ती माझ्या डोळ्यांसमोरही नव्हती.

मिसळीचा लेख मी काढून टाकलेला नाही. वाचक अजून त्यालाच सगळ्यात जास्त आहेत आणि थोडेफार पैसे त्यातूनच येतात. परवा त्यावर शेवटची दुरुस्ती कधी केली ते पाहिलं, तर दोन वर्षं झाली होती. त्यातली दोन दुकानं बंद पडलीत, एकाची जागा बदललीय. वर नाव अजून 'दहा' च आहे. या रविवारी बसून ते आठ करतो.