दोन लिंक कशाला? कोणती कुणाला?

लग्न असो, मुंज असो की व्याख्यान, ते ऑनलाइन दाखवायचं बुकिंग झालं की आम्ही तुम्हाला दोन लिंक पाठवतो. एक 'घरच्यांची', म्हणजे व्हिडिओ कॉलसारखी, दिसायला-बोलायला; एक 'पाहुण्यांची', नुसती बघायला. लगेच फोन येतो, "एकच द्या ना भाई, दोननं गोंधळ होतो."

गोंधळ होतो तो घरच्यांची लिंक ग्रुपवर टाकल्यानं. गेल्या वैशाखात नवरीच्या मावशींनी मुहूर्ताच्या अर्धा तास आधी ती चार ग्रुपवर पाठवली, अर्थात प्रेमानंच. २५ जणांच्या खोलीत ३०० माणसं! कुणाचा मिक्सर चालू, कुणाचं 'ऐकू येतंय का?' चालू, आणि गुरुजींचं 'सावधान' तुकड्यातुकड्यांत. आमचा मुलगा एकेकाला बाहेर काढेपर्यंत अंतरपाट निघालासुद्धा.

घरच्यांच्या खोलीत प्रत्येकाचं चित्र सर्व्हरकडे, म्हणजे मधल्या कॉम्प्युटरकडे, येतं आणि तिथून बाकी सगळ्यांकडे जातं. २५ कॅमेरे चालू असले तर सर्व्हरला २५ गुणिले २४, म्हणजे ६०० चित्रं पाठवावी लागतात. ३०० असले तर ८९,७००. माणसं बारापट, ओझं दीडशेपट. मोठ्या खोलीत आम्ही मोजकेच चेहरे दाखवतो ते यासाठीच, कंजूषपणा नव्हे.

पाहुण्यांच्या लिंकवर एकच तयार चित्र जातं. काही सेकंदांचे तुकडे करून ते ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवलेलं असतं, त्यामुळे ३०० काय आणि ३,००० काय. फक्त ते थोडं मागून दिसतं, म्हणून न्यू जर्सीच्या काकांच्या अक्षता उशिरा पडतात. हा बिघाड नाही. काकांना बोलून आशीर्वाद द्यायचा असेल तर त्यांचं नाव घरच्यांत घाला. त्यांना आम्ही अमेरिकेतल्याच सर्व्हरवर घेतो. तो मुंबईच्या सर्व्हरशी जोडलेला असतो, त्यामुळे तिकडे दहाजण असले तरी समुद्रापार प्रत्येक चित्र एकदाच जातं.

"ऐन वेळी सर्व्हर वाढवा की!" वाढतो, पण उभा राहायला काही मिनिटं लागतात, आणि आधीच आत बसलेल्यांना तिकडे न्यायचं तर पुन्हा जोडून घ्यावं लागतं. मुहूर्त तेवढा थांबत नाही. म्हणून घरच्यांची नावं दोन दिवस आधी हवीत.

दहाजणांच्या गप्पांना फुकटचं ॲप पुरतं, आम्हीही तेच वापरतो. आमच्याकडे तुम्ही पैसे देता ते मुहूर्ताला आवाज सांभाळत बसलेल्या माणसाचे.

यादी हातानं लिहिलेली चालेल. दांडिया बाजारातल्या दुकानात संध्याकाळी ५ नंतर आणून द्या. वेळेत दिलीत तर आदल्या दिवशीची तालीम आमच्याकडून फुकट, आणि तिला मावशींना जरूर बसवा.