ग्रेट प्लेन्सवरील उन्हाळी उष्णता व तीव्र गडगडाटी वादळांचा अंदाज

रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्यापासून मिसिसिपी खोऱ्याकडे उतरत जाणारा, टेक्सासपासून थेट कॅनडापर्यंत पसरलेला मैदानी पट्टा ग्रेट प्लेन्स म्हणून ओळखला जातो. जून ते ऑगस्टमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो. गारपीट, झाडे उन्मळून टाकणारा वारा आणि अधूनमधून टॉर्नेडो घेऊन येणारी वादळेही याच दिवसांत होतात. या दोन्हींचा अंदाज वेगवेगळा बांधता येत नाही. जमिनीलगतची उष्णता वादळाला बळ देते, पण तीच उष्णता दोन-तीन किलोमीटर उंचीवर असली तर वादळ उठूच देत नाही. त्यामुळे आज किती तापेल हे सांगणे त्या मानाने सोपे असते. तापल्यावर आभाळ फुटेल की कोरडेच राहील, हे सांगताना अंदाजकर्त्याची खरी कसोटी लागते.

याचे मूळ भूगोलात आहे. मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा कोणताही डोंगर आडवा न येता उत्तरेकडे सरकते. मेक्सिकोचे पठार आणि रॉकीलगतचा उंच प्रदेश इथे तापलेली कोरडी हवा पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येऊन या दमट थराच्या डोक्यावर बसते. जमिनीवर दमट व कोरडी हवा जिथे भिडतात त्या सीमेला ड्रायलाइन म्हणतात. तिच्या एका बाजूला घामाच्या धारा, तर काही मैलांवर दुसऱ्या बाजूला ओठ फुटतील असा कोरडा वारा. वर बसलेला उष्ण थर मात्र भांड्यावरच्या झाकणासारखा काम करतो, आणि हवामानकर्मी त्याला सरळ ‘कॅप’ म्हणजे टोपी म्हणतात. खालची हवा वर चढते, त्या थराला टेकते, सभोवतालच्या हवेपेक्षा थंड आणि जड ठरते आणि परत खाली येते.

झाकण कमकुवत असेल तर सकाळीच सरी पडून ऊर्जा वाटली जाते आणि मोठे काही घडत नाही. ते फारच घट्ट असेल तर दिवसभर नुसता उन्हाचा तडाखा. सर्वांत धोकादायक असते ती मधली स्थिती: दुपारी चार-पाचपर्यंत ऊर्जा साठत राहते, मग एखाद्या ठिकाणी झाकण फुटते आणि तासाभरात पंधरा किलोमीटरहून उंच ढग उभा राहतो.

झाकण मोजण्याचे साधन जुनेच आहे: फुगा. डॉज सिटी, टोपेका, नॉर्मन, अमरिलो अशा केंद्रांवरून सकाळी व संध्याकाळी उपकरण बांधलेला फुगा सोडतात. तो तापमान, आर्द्रता व वाऱ्याची माहिती पाठवत वर जातो. त्या आलेखात अनुभवी माणूस आधी ७०० मिलिबारची, म्हणजे हवेचा दाब तेवढा असतो ती, पातळी पाहतो. ती सुमारे तीन किलोमीटर उंचीवर असते. तिथे १२ °से. किंवा त्याहून जास्त तापमान असेल तर उन्हाळ्यात वादळ सहसा उठत नाही, असा मैदानावरचा ठोकताळा आहे. नियम म्हणावा इतका तो पक्का नाही, पण संगणकाच्या जमान्यातही टिकून आहे. त्यानंतर पाहायची ती वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणारी ऊर्जा. किलोग्रॅममागे २,५०० ज्यूल म्हणजे भरपूर; जुलैच्या दमट दुपारी ती ४,०००–५,००० वरही जाते. पण नुसती ऊर्जा असून भागत नाही. उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग पुरेसा बदलत असेल तरच ढग स्वतःभोवती फिरू लागतो आणि तासन्‌तास टिकणारा सुपरसेल तयार होतो.

भर उन्हाळ्यात वेगवान पश्चिमी वारे उत्तरेकडे सरकतात, त्यामुळे टेक्सास-ओक्लाहोमापेक्षा नेब्रास्का व डकोटा भागात सुपरसेलला जास्त वाव असतो. साउथ डकोटातील व्हिव्हियन इथे २३ जुलै २०१० रोजी पडलेली सुमारे २० सेंमी व्यासाची, ८८० ग्रॅम वजनाची गार याच मोसमातली.

आर्द्रता फक्त आखातातूनच येते असे नाही. जुलैत आयोवा-नेब्रास्कातला मका माणसापेक्षा उंच होतो आणि एक एकर मका दिवसाला ११ ते १५ हजार लिटर पाणी हवेत सोडतो. त्याने पारा थोडा कमी चढतो, पण उकाडा असह्य होतो. मिनेसोटातील मूरहेड इथे १९ जुलै २०११ रोजी दवबिंदू (हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान; ते जितके जास्त तितकी हवा दमट) ३१ °से. नोंदला गेला, मुंबईचा घामट मेसुद्धा इतका दमट नसतो. याउलट अवर्षणात जमीन वाळली की सगळे ऊन थेट हवा तापवण्यात जाते. १९३६च्या जुलैत नॉर्थ डकोटातील स्टील आणि कॅन्ससमधील ऑल्टन इथे ४९.४ °से. तापमान झाले ते अशाच वाळलेल्या जमिनीवर. १९८०च्या उन्हाळ्यात डॅलस परिसरात सलग ४२ दिवस पारा ३७.८ °से. किंवा त्यावर होता. म्हणून तापमानाच्या अंदाजात मातीतला ओलावा आणि पिकाची अवस्था धरावीच लागते.

अंदाज सर्वांत जास्त फसतो तो रात्रीच्या वादळांमुळे. या मैदानांच्या बऱ्याच भागांत उन्हाळी पाऊस दुपारपेक्षा रात्री जास्त पडतो. रॉकीच्या पायथ्याशी दुपारी उठलेले ढग एकत्र होऊन पूर्वेकडे सरकतात, आणि सूर्य मावळल्यावर जमिनीपासून काहीशे मीटरवर जोर धरणारा दक्षिण वारा त्यांना ओलावा पुरवत राहतो. उष्ण हवेच्या उच्चदाबाच्या कडेकडेने अशी वादळे एकामागून एक फिरतात. आतल्या भागात उष्णतेची लाट, कडेला रोजचा कडकडाट. पहाटेच्या वादळाचे ढग दुपारपर्यंत रेंगाळले तर ३८ अंशांचा अंदाज २५ वर येऊन पडतो. त्या वादळाने मागे सोडलेल्या थंड हवेच्या कडेवरच संध्याकाळी नवे वादळ उठू शकते. तीन किलोमीटर जाळीची, दर तासाला नव्याने चालणारी संगणकीय प्रारूपे २०१४पासून वापरात आहेत, तरी या कडा नेमक्या कुठे असतील हे ती नेहमी पकडतातच असे नाही.

अशी वादळे रांगेत येऊन शेकडो किलोमीटर सरळ रेषेत नासधूस करत गेली की त्यांना डेरेचो म्हणतात. हे नाव आयोवातील शास्त्रज्ञ गुस्टाव्हस हिन्‍रिक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिले. १० ऑगस्ट २०२०च्या डेरेचोने सुमारे १४ तासांत १,२०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले. सीडर रॅपिड्स इथल्या झोतांचा वेग ताशी सुमारे २२५ किमी असावा, असा अंदाज पडझडीवरून बांधला गेला. आयोवातला उभा मका झोपला. आदल्या दिवशीच्या अंदाजात या वादळाची तीव्रता आलेली नव्हती.

संघटित अंदाजाचा इतिहास तसा अलीकडचा. लोक घाबरतील या भीतीने अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याने १८८०च्या दशकापासून कित्येक दशके अंदाजात ‘टॉर्नेडो’चा उल्लेखच टाळला. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर टॉर्नेडो आदळला. पाचच दिवसांनी अर्नेस्ट फॉबुश व रॉबर्ट मिलर या हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना हवामानाचा नकाशा तसाच दिसला. त्यांनी टॉर्नेडोचा अंदाज दिला आणि संध्याकाळी त्याच तळावर दुसरा टॉर्नेडो आला. एकाच जागी इतक्या लवकर दोनदा टॉर्नेडो येण्यात नशिबाचाही भाग मोठा होता, पण त्यांनी लावलेला तर्क योग्य होता.

आज देशभरच्या तीव्र वादळांचा अंदाज नॉर्मन येथील स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर देते. २.५ सेंमी गारा, ताशी ९३ किमीचे झोत किंवा टॉर्नेडो असेल तर वादळ ‘तीव्र’ धरतात. केंद्र मोठ्या क्षेत्रासाठी काही तास आधी पूर्वसूचना काढते. रडारवर प्रत्यक्ष वादळ दिसल्यावर त्या त्या भागाचे कार्यालय इशारा देते. नकाशावरची टक्केवारी मात्र नीट समजून वाचावी लागते. ‘गारपिटीची शक्यता १५ टक्के’ याचा अर्थ आपल्यापासून ४० किलोमीटरच्या आत कुठेतरी तशी गार पडण्याची शक्यता. आपल्याच छपरावर ती पडण्याची शक्यता त्याहून पुष्कळ कमी असते.

भारतात याच जातीची रचना बंगालच्या कालबैसाखीत दिसते: खाली उपसागरावरची दमट हवा, वर छोटा नागपूरकडून आलेली उष्ण कोरडी हवा. तिथेही चैत्र-वैशाखात अंदाजकर्ते सकाळच्या फुग्याच्या आलेखात आधी झाकणच शोधतात.