दमलेल्या माणसाचा नेम

मार्च १९४३. मुरगाव बंदरात जर्मनीची तीन आणि इटलीचं एक अशी चार मालवाहू जहाजं आसऱ्याला येऊन नांगर टाकून बसली होती. पोर्तुगाल युद्धात तटस्थ, त्यामुळे गोव्याच्या पाण्यात ब्रिटिशांना उघडपणे काही करता येत नव्हतं. यातल्या ‘एहरेनफेल्स’वरून जर्मन पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात, असा त्यांचा संशय होता. मग गुप्त मोहिमा आखणाऱ्या खात्याने एक अजब युक्ती काढली. कोलकात्यातल्या ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी घोडदळातली माणसं गोळा केली. कुणी व्यापारी, कुणी कंपनीतले साहेब. बरेचसे तारुण्य मागे टाकलेले. ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जमधून ही मंडळी आली आणि ९ मार्चच्या पहाटे काळोखात एहरेनफेल्सवर चढली. जहाज काही हाती लागलं नाही. खलाशांनीच झडपा उघडून ते बुडवलं आणि उरलेल्या तिन्ही जहाजांच्या खलाशांनीही तेच केलं. संदेशांची शंका मात्र जहाजाबरोबर तळाला गेली.

आजच्या कुठल्याही कमांडो निवडीत यातला बहुधा एकही गडी पहिल्या दिवशी टिकला नसता.

पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर वाळूत पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं धावत असतात. लष्कराचा विषय निघाला की त्यांचा प्रश्न ठरलेला: मार्कोस भारी की नेव्ही सील? एसएएस भारी की डेल्टा? मार्कोस आपल्या नौदलाचे कमांडो, सील अमेरिकी नौदलाचे; एसएएस ब्रिटिश सैन्याचं खास पथक, डेल्टा अमेरिकी सैन्याचं. मोबाइलवर याच्या याद्या पैशाला पासरी मिळतात. या याद्यांना काडीचा अर्थ नाही असं माझं मत आहे, कारण यातलं प्रत्येक पथक कुठल्या तरी वेगळ्या अपयशातून किंवा वेगळ्या गरजेतून जन्माला आलं आहे.

जर्मनीचं जीएसजी-९ घ्या. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहशतवाद्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं. विमानतळावर आठ दहशतवाद्यांसाठी पोलिसांनी पाच नेमबाज बसवले. त्यांना या कामाचं खास प्रशिक्षण नव्हतं आणि एकमेकांशी बोलायला वायरलेसही नव्हता. अकरा इस्रायली मारले गेले. त्या चुका समोर ठेवून उलरिख वेगेनर यांनी नवं पथक उभं केलं. ते पोलिसांचं, लष्कराचं नव्हे, कारण देशांतर्गत कारवाईत सैन्य उतरवायला जर्मनी आपल्या इतिहासामुळे बिचकतो. पाच वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९७७ ला, मोगादिशूच्या धावपट्टीवर अपहृत लुफ्तान्सा विमानातले सगळे ओलीस याच पथकाने काही मिनिटांत सोडवले. वैमानिकाला अपहरणकर्त्यांनी आधीच मारलं होतं.

अमेरिकेच्या डेल्टा फोर्सचे संस्थापक चार्ल्स बेकविथ ब्रिटिशांच्या एसएएसबरोबर काम करून आले होते. १९७७ मध्ये पथक स्थापन झालं आणि १९८० मध्ये तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला निघालं. निवड चोख, तालीम चोख, आणि वाळवंटात हेलिकॉप्टर नादुरुस्त! आठ निघाली होती, किमान सहा हवी होती, कामाची पाच उरली. मोहीम सोडून परतताना एक हेलिकॉप्टर इंधनाच्या विमानावर आदळलं आणि आठ जण दगावले. कमांडो तेहरानपर्यंत पोचलेच नाहीत. त्यातून अमेरिकेने जो धडा घेतला तो दंड-बैठकांचा नव्हता. वेगवेगळ्या दलांच्या वैमानिकांनी आणि कमांडोंनी एकत्र सराव करायला हवा, हे त्यांना उमगलं आणि रात्री उडणारं स्वतंत्र हेलिकॉप्टर दल उभं राहिलं.

आपल्याकडे ऑपरेशन ब्लू स्टारनंतर १९८४ मध्ये एनएसजी, म्हणजे दहशतवादविरोधी कमांडोंचं राष्ट्रीय दल, आली. तिची स्वतःची भरती नाही. लष्करातून आणि पोलीस दलांतून माणसं प्रतिनियुक्तीवर येतात, मानेसरला घोटून निघतात आणि काही वर्षांनी मूळ दलात परततात. २६/११ ला या जवानांच्या कौशल्याबद्दल कुणी शंका घेतली नाही, पण ते मुंबईत पोचेपर्यंत सकाळ झाली होती. ताजमध्ये त्याआधी रात्रीच शिरले होते नौदलाचे मार्कोस. २००९ मध्ये एनएसजीची केंद्रं मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकात्यात निघाली, ती या अंतरामुळे.

आता निवडीकडे वळू. खरं विज्ञान तिथे आहे.

एसएएसची निवड वेल्सच्या ब्रेकन बीकन्स डोंगरांत होते. पाठीवर बोजा, हातात नकाशा, आणि माणूस एकटा. ओरडणारा उस्ताद नाही, शाबासकी नाही, किती वेळात पोचायचं तेही बऱ्याचदा सांगत नाहीत. शेवटची चाल सुमारे ६४ किलोमीटरची असते. सीलची रीत नेमकी उलटी. थंडगार समुद्र, डोक्यावर रबरी बोट, खांद्यावर टोळीने उचललेला ओंडका, सतत आरडाओरडा. ‘हेल वीक’च्या साडेपाच दिवसांत सगळी मिळून जेमतेम चार तास झोप. ज्याला सोडायचंय त्याने जाऊन घंटा वाजवायची. एकांतात कोण टिकतो हे पहिली पद्धत तपासते, तर गलक्यात जोडीदाराचा भार कोण टाकत नाही हे दुसरी. शत्रूच्या मुलखात चार माणसांनी आठवडाभर लपून राहायचं असेल तर पहिली बरी. लाटांतून बोट किनाऱ्याला लावायची असेल तर दुसरी.

मार्कोसच्या निवडीतली एक कसोटी नेहमी सांगितली जाते. उमेदवाराने पंचवीसेक किलोचा बोजा घेऊन मांडीभर चिखलातून सुमारे ८०० मीटर जायचं आणि मग अडथळ्यांची शर्यत संपवायची. छाती भात्यासारखी हलत असताना लगेच रायफल उचलायची आणि २५ मीटरवरच्या लक्ष्यावर गोळी झाडायची. लक्ष्याच्या शेजारी एक जिवंत माणूस उभा असतो. चिखल निमित्तमात्र, दमलेल्या मेंदूचा विवेक शाबूत आहे का, एवढंच यात बघायचं असतं.

कारण दमलेला मेंदू फसतो. हॅरिस लिबरमन आणि सहकाऱ्यांनी हेल वीकमधल्या ६८ उमेदवारांवर प्रयोग केला. ७२ तास धड झोप न मिळालेल्या या तरुणांना कॅफिन दिलं. सुमारे २०० मिलिग्रॅमने, म्हणजे दोनेक कप कडक कॉफीने, सावधपणा आणि प्रतिसादाचा वेग सुधारला. नेमबाजीत काही फरक पडला नाही. जाग परत आणता येते, हाताचा ठहराव नाही.

येल विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स मॉर्गन यांनी अमेरिकी सैन्याच्या कैद-प्रशिक्षणाचा अभ्यास केला. तिथे जवानांना उपाशी, जागं ठेवून खोट्या शत्रूकडून कडक उलटतपासणी घेतात. रक्ताचे नमुने तपासले तेव्हा स्पेशल फोर्सेसच्या जवानांत न्यूरोपेप्टाइड वाय हे रसायन इतरांपेक्षा जास्त चढलेलं आढळलं. ताणाचा भडका आवरता ठेवण्याचं काम ते करतं. दुसऱ्या दिवशी या जवानांची पातळी पूर्ववत झाली होती, तर बाकीच्यांची मूळ पातळीच्याही खाली घसरली होती. आता हे जवान मुळातच असे होते म्हणून निवडले गेले, की प्रशिक्षणाने असे झाले? एवढ्यावरून सांगता येत नाही, आणि या विषयावरचे बहुतेक उत्साही लेख इथेच घाईने उडी मारतात.

मॉर्गन यांचा २००४ चा दुसरा अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. पाचशेहून अधिक प्रशिक्षित सैनिकांना, कठोर उलटतपासणीनंतर, आपल्याला छळणारा अधिकारी ओळखायला सांगितलं. चांगल्या उजेडात अर्ध्या तासाहून जास्त वेळ ज्याचा चेहरा समोर होता, तोच अनेकांना ओळखता आला नाही; काहींनी तर ठामपणे भलत्याकडेच बोट दाखवलं. सौम्य उलटतपासणी घेणाऱ्याला त्यांनी बरंच बरं ओळखलं. ओलिसांनी भरलेल्या खोलीत घुसणाऱ्या माणसाकडून आपण किती मागतो, याचा अंदाज यावरून यावा.

मग ही माणसं हेरायची कशी? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हेरखात्यासाठी मानसशास्त्रज्ञ हेन्री मरे यांच्या चमूने एक खोडकर चाचणी रचली. उमेदवाराने दोन मदतनिसांना हाताशी धरून दहा मिनिटांत लाकडी सांगाडा उभारायचा. मदतनीस चमूचेच लोक. एक आळशी, दुसरा तोंडाळ आणि आगाऊ. सांगाडा कधीच कुणाचा पूर्ण झाला नाही, तो व्हावा अशी योजनाच नव्हती. माणूस चिडतो कसा आणि चिडल्यावर काय करतो, हे टिपलं जाई. चित्र पाहून गोष्ट लिहायची मरे यांची चाचणी आपल्या एसएसबीत, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळात, आजही घेतात. ती देऊन आलेल्यांना शेवटचं कोरं चित्र नक्की आठवत असेल.

एवढं करून भाकीत किती खरं ठरलं? फारसं नाही. त्यात एक सांख्यिकी अडचण आहे. निवडीपर्यंत पोचलेले सगळेच तंदुरुस्त असतात. सगळेच सहा फुटी असलेल्या संघात उंचीवरून चांगला खेळाडू ओळखता येत नाही, तसंच हे. शिवाय ज्यांना घरी पाठवलं त्यांतले किती जण उत्तम निघाले असते, हे कधीच कळत नाही.

बाहेरून दिसणारं यश पुष्कळदा अगदी नीरस असतं. मार्च २०२४ मध्ये भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर सोमाली चाच्यांच्या ताब्यातल्या ‘रुएन’ जहाजाजवळ हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस समुद्रात उतरले. आयएनएस कोलकाता तिथे आधीच होती. मोहीम चाळीसेक तास चालली. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. यात जास्तीत जास्त वेळ कशात गेला असेल? पाळत ठेवण्यात, दबाव टाकण्यात आणि वाट बघण्यात.

एक गोष्ट मात्र मिरामारच्या पोरांना निक्षून सांगायला हवी. जुलै २०१३ मध्ये ब्रेकन बीकन्समध्ये एसएएसच्या राखीव दलाच्या निवडीत तीन जण उष्म्याने दगावले. वेल्ससारख्या थंड मुलखात! पारा तिशीच्याही आत होता. स्नायू काम करताना बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून सोडतात. ती घालवायचा मुख्य मार्ग घामाचं बाष्पीभवन. पाठीवर बोजा आणि अंगावर जाड कपडे असले की तो तुंबतो. हवा दमट असली तर घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीर थंड करत नाही. म्हणून लष्करी सरावात जो उष्मा-निर्देशांक वापरतात त्यात ७० टक्के वजन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला असतं. साध्या तापमापकाला फक्त १० टक्के. पणजीत मे महिन्यात पारा ३३ दाखवतो आणि आपण म्हणतो, नागपूरपेक्षा बरं. धावणाऱ्याच्या शरीराला ते पटत नाही.

घात असा की चिकाटी हा निवडीचा पहिला गुण, आणि उष्माघातात तोच अंगाशी येतो. शरीराचं आतलं तापमान चाळिशीपलीकडे गेलं की पहिला परिणाम मेंदूवर. माणूस बरळतो, झोकांड्या खातो, ‘मी ठीक आहे’ म्हणत पुढे चालत राहतो. त्याला स्वतःला कळत नाही. कळायला हवं ते जोडीदाराला. शरीर उष्म्याला सरावतं, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातलं मीठ कमी होतं. त्यामुळे मे महिन्यात पाठीवर विटा बांधून पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर धावणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आणि कुणी कोसळलाच तर १०८ ला फोन करा, पण गाडी यायची वाट बघत बसू नका. बूट आणि कपडे काढा, मिळेल त्या गार पाण्यात मानेपर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा, बर्फ असेल तर तोही घाला. तेवढं पाणी नसेल तर अंगावर ओतत राहा आणि वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्यानंतर न्यायचं.