जुन्या मोठ्या अमेरिकन गाड्यांची ओढ

दुसरं महायुद्ध संपल्यापासून साधारण १९७९ पर्यंत अमेरिकेत ज्या लांबरुंद गाड्या बनल्या त्यांच्याबद्दल लोकांना जी ओढ वाटते तिच्याबद्दलची ही नोंद. यातल्या कितीतरी जणांना अशी गाडी कधी चालवायलाही मिळालेली नसते. अमेरिकेत अशा गाडीला लाडाने 'लँड यॉट' म्हणतात, म्हणजे जमिनीवरची नौका. कॅडिलॅक, लिंकन, इम्पीरियल, ब्यूक, ओल्ड्समोबाइल, शेवरोले इम्पाला ही नेहमीची नावं. आकाराचा अंदाज यायला एक उदाहरण पुरे: १९७७ ची लिंकन कॉन्टिनेन्टल जवळजवळ साडेएकोणीस फूट होती, म्हणजे आपल्या पावणेदोन मारुती ८०० एकामागे एक लावल्या तर होईल तेवढी.

या ओढीत खरं तर दोन वेगळे काळ आहेत आणि ते एकत्र केले की घोळ होतो. पहिला १९४८ पासून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा, भरपूर क्रोम आणि मागे पंख. दुसरा साधारण १९६५ ते १९७९ चा, त्यात पंख गेलेले, लांबलचक चौकोनी बोनेट, व्हायनिलचं छप्पर आणि सोफ्यासारख्या सीट. पहिल्या काळाच्या गाड्या बघायच्या, दुसऱ्याच्या बसायच्या, असं मला वाटतं. फोटोंमध्ये मात्र पहिल्याच जास्त दिसतात.

पंख कुणाचे?

मागचे पंख म्हणजे टेलफिन पहिल्यांदा १९४८ च्या कॅडिलॅकवर आले यावर फारसा वाद नाही. (झेक टाट्रा ७७ ला १९३४ मध्येच मागे एक उभा पंख होता पण तो मधोमध आणि एकच, त्यामुळे त्याला या घराण्याचा मूळपुरुष म्हणणं ओढूनताणून होतं.) वाद आहे तो श्रेयाचा. नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांनी १९४१ च्या सुमारास डेट्रॉइटजवळच्या सेल्फ्रिज विमानतळावर लॉकहीड पी-३८ हे दोन शेपट्यांचं लढाऊ विमान आपल्या डिझायनरना दाखवायला नेलं आणि तिथून पंख गाडीवर आले. दुसरी बाजू फ्रँक हर्शी यांची. युद्ध संपल्यावर १९४५-४६ च्या मोठ्या संपात कंपनीचे दरवाजे बंद होते तेव्हा हर्शी यांच्या शहराबाहेरच्या शेतावर बसून या गाडीचं काम झालं, आणि अर्ल यांनी आधी पंख काढून टाका असं बजावलं होतं, वरच्या साहेबांना ते आवडले तेव्हा कुठे ते राहिले, अशी आठवण सांगितली जाते. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. विमान दाखवणं एक आणि पत्र्यात तो आकार उतरवणं वेगळं, त्यामुळे कल्पनेचा उगम अर्ल यांच्याकडे आणि प्रत्यक्ष पंख हर्शी यांचे असं धरणं जास्त पटतं.

ते पहिले पंख अगदी छोटे होते, दिव्यामागे पत्रा जरा उचलल्यासारखे. त्या काळच्या कॅडिलॅकमध्ये पेट्रोलचं झाकण डाव्या टेल लाइटखाली लपवलेलं असायचं, दिव्याखालचा रिफ्लेक्टर दाबला की अख्खा दिवा वर उचलला जायचा आणि आत झाकण. आजही प्रदर्शनात गाडीमालक हे करून दाखवतो तेव्हा भोवती गर्दी जमते. पुढे १९५७ मध्ये क्रायसलरचे व्हर्जिल एक्सनर यांनी पंख खूप उंच केले आणि आडव्या वाऱ्यात गाडी स्थिर राहते असा कंपनीने दावाही केला, पण त्याचा रोजच्या वेगाला फार उपयोग होत असेल असं मानणारे थोडे. कळस झाला १९५९ च्या कॅडिलॅकवर, प्रत्येक पंखात दोन-दोन बंदुकीच्या गोळीसारखे लाल दिवे.

हॉर्सपॉवरचा घोळ

दुसऱ्या काळातल्या गाड्यांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते की इंजिनं अवाढव्य पण दम नाही. पुरावा म्हणून कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटर इंजिन दाखवतात, १९७० मध्ये ४०० हॉर्सपॉवर आणि १९७६ मध्ये १९०. हे आकडे शेजारी ठेवणंच चूक आहे. १९७१ पर्यंत ग्रॉस आकडा देत, म्हणजे इंजिन गाडीबाहेर स्टँडवर, एअर फिल्टर नाही, पूर्ण सायलेन्सर नाही, पंखा-डायनॅमोसारखी पट्ट्यावर चालणारी उपकरणं जोडलेली नाहीत. १९७२ पासून नेट आकडा आला, इंजिन गाडीत जसं बसतं तसंच मोजायचं. ताकद खरोखर कमीही झाली, कारण कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते प्रमाण) उतरवलं आणि १९७५ पासून धुरातलं प्रदूषण कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, पण निम्म्याहून जास्त गेली असं म्हणता येत नाही.

बसण्याचं सुख कुठून येतं तेही सांगायला हवं. वेगळी चासी (म्हणजे बॉडीखालची स्वतंत्र चौकट), मधे रबराचे बुश, मऊ स्प्रिंगा, लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), आणि वरचं वजन इतकं की चाकांची धडपड आत पोचतच नाही. खड्डा येतो आणि गाडी फक्त एकदा सावकाश डुलते.

उतार आणि आठवण

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, १९७४ च्या सुरुवातीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, १९७५ मध्ये गाड्यांनी किमान किती ॲव्हरेज द्यावं याचा कायदा झाला. १९७७ मध्ये जनरल मोटर्सने मोठ्या गाड्या कापून लहान केल्या. १९७६ ची एल्डोराडो कन्व्हर्टिबल (छप्पर दुमडता येणारी गाडी) शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल म्हणून विकली, त्यातल्या शेवटच्या २०० एकसारख्या पांढऱ्या. लोकांनी ठेवणीतली म्हणून घेतल्या आणि १९८४ च्या मॉडेलमध्ये कंपनीने पुन्हा कन्व्हर्टिबल काढली तेव्हा काहीजण थेट कोर्टात गेले. वेगळ्या चासीवरच्या मोठ्या सेडानच्या परंपरेतली शेवटची गाडी, फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, २०११ मध्ये कारखान्याबाहेर पडली.

टेक्ससमध्ये अमारिलोजवळ १९७४ पासून दहा कॅडिलॅक नाक जमिनीत गाडून उभ्या आहेत. डेट्रॉइटच्या उपनगरांत १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची फेरी निघते. स्वीडनमध्ये 'रागारे' नावाची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या याच गाड्या सांभाळतात. क्यूबाचं उदाहरण सगळे देतात, पण तिथे या गाड्या टिकल्या त्या निर्बंधांमुळे नवीन मिळत नव्हत्या म्हणून, आत कितीदा डिझेल इंजिन असतं; ओढ तिथे पर्यटकाची, चालवणाऱ्याची गरज.

मुंबईशी संबंध

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, पुढे कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने क्रायसलरशी करार करून डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या. पार्ट इथेच बनवा असं सरकारचं धोरण आल्यावर जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. त्यानंतर मोठी अमेरिकन गाडी दिसली की ती बहुतेक वकिलातीची किंवा एखाद्या शेठची, आणि 'इम्पाला' हा शब्द श्रीमंतीसाठी बोलण्यात राहिला, ज्यांनी ती गाडी कधी जवळून पाहिली नव्हती त्यांच्याही.