उत्पन्नाचा दाखला: दवाखान्यात आणि कॉलेजात कितीपर्यंत चालतो?

घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं किंवा मुलीचा इंजिनीअरिंगला नंबर लागला, की महाराष्ट्रात बिलाच्या पाठोपाठ एकच विचारणा होते: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आहे का? बारावीच्या निकालानंतर सेतू केंद्रांवर रांगा लागतात, पोर्टल रडतं, आणि नेमका तेव्हाच सगळ्यांना दाखला हवा असतो. म्हणून नवं आर्थिक वर्ष लागलं की एप्रिल-मेमध्येच तो काढून ठेवावा.

अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा महा ई-सेवा केंद्रातून करता येतो. ओळखीसाठी आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र. पत्त्यासाठी रेशन कार्ड किंवा वीजबिल. सोबत फोटो आणि स्वयंघोषणापत्र. खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची. नोकरदाराला फॉर्म १६ किंवा पगारपत्रक पुरतं, धंदेवाल्याला आयकर विवरणपत्र. शेतकऱ्याला सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल लागतो. रोजंदारीवर जाणाऱ्याकडे कागदच नसतो, त्याची सगळी भिस्त तलाठ्याच्या अहवालावर. मुदत १५ दिवसांची आहे. अर्जाची पावती जपून ठेवा; उशीर झाला तर त्याच पोर्टलवरून अपील करता येतं.

दाखला एक वर्षाचा की तीन वर्षांचा, हे अर्ज भरतानाच विचारतात. शिष्यवृत्तीला साधारणपणे एक वर्षाचा चालतो, पण नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र (ओबीसी वगैरेंना आरक्षणासाठी लागणारं) काढायचं असेल तर तीन वर्षांचाच मागा. दाखल्यावर 'वैध दिनांक' छापलेला असतो, बहुधा ३१ मार्च. तो न बघता जुनाच कागद पुढे केला, की हेलपाटा ठरलेला.

आता आकडे. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीसाठी वार्षिक उत्पन्न १.६० लाखांच्या आत हवं. धर्मादाय रुग्णालयात १.८० लाखांपर्यंत निर्धन म्हणून मोफत, ३.६० लाखांपर्यंत दुर्बल घटक म्हणून सवलतीत उपचार. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला २.५० लाख, त्यापुढे फ्रीशिप, म्हणजे फक्त शुल्कमाफी. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला ८ लाख. म्हणजे १.७० लाख कमावणारा एका खिडकीवर गरीब आणि दुसऱ्या खिडकीवर नाही. ३.६५ लाखवाल्याला तर धर्मादाय सवलत नाहीच, बिल मात्र ३० लाख कमावणाऱ्याइतकंच. मला यात न्याय दिसत नाही, पण अर्ज भरताना हीच चौकट आहे.

धर्मादाय रुग्णालयांबद्दल लोकांना फार कमी माहिती असते. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवायच्या, हे बंधन महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ नुसार आहे. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते आणि या रुग्णांचा खर्च त्यातून होतो. बिलिंग काउंटरवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. थेट वैद्यकीय समाजसेवकाला गाठा. दाखला किंवा रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद दाखवून योजनेत नोंद करायला सांगा. हे दाखल होतानाच करा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. 'खाटा भरल्या' असं सांगितलं तर ते लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार द्या. तातडीच्या रुग्णाला मात्र कागद नाहीत किंवा डिपॉझिट नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उत्पन्नाची अट उरलेली नाही. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सगळी रेशन कार्डं चालतात, संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. अट एवढीच की रुग्णालय योजनेतलं हवं आणि उपचार यादीतला. आधी तिथल्या आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) चौकशी करा, दाखल्याच्या मागे नंतर लागा.

कॉलेजच्या बाजूला सगळा कारभार महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक तिथे टाकला की तपशील आपोआप येतो; एक अंक चुकला की नाही. सोबत अधिवास प्रमाणपत्र, कॅपचं (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) अलॉटमेंट लेटर, गुणपत्रिका, रेशन कार्ड आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. उत्पन्न आई-वडील दोघांचं मिळून धरतात. अर्ज भरून झाला की निवांत बसू नका: कॉलेजने 'सेंड बॅक' केला तर दुरुस्ती आपल्यालाच करायची असते, आणि तारीख गेली की पोर्टल ऐकत नाही.

ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं; नुसत्या दाखल्यावर भागत नाही. वसतिगृह आणि मेस या माफीत येत नाहीत, त्यामुळे 'फी माफ' ऐकून हिशेब सोडू नका. पावतीवर कोणती रक्कम कोणत्या नावाखाली घेतली ते वाचा. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ही माफी लागू नाही, घरचं उत्पन्न कितीही कमी असलं तरी. पुढच्या वर्षी अर्जाचं नूतनीकरणही आपणच करायचं असतं.